घरच्या मिलिंग मशीनला ऑटोमॅटिक टूल चेंजर: टूल खरंच बसलंय, हे मशीनला कसं कळणार?

सीएनसीवरच्या मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला: "दादा, टूल चेंजर घरी बनतो का?" बनतो. मी कोल्हापुरात, उद्यमनगरजवळच्या एका छोट्या शेडमध्ये बनवला, आणि एकदा मोडूनही घेतला. आज दोन्ही सांगतो. ज्यांना बसमध्ये इयरफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आधी दुखणं काय ते बघू. समजा ॲल्युमिनियमच्या चार प्लेट करायच्या आहेत. स्पॉट ड्रिल, ड्रिल, टॅप, एंड मिल, शेवटी कडा मारायला चॅम्फर. पाच टूल, चार प्लेट, म्हणजे वीस वेळा टूल बदलायचं. प्रत्येक वेळी स्पिंडल थांबवा, वरून ड्रॉबार पान्याने सैल करा, हातोडीची टिचकी मारा, टूल काढा, पुसा, दुसरं लावा, आवळा, आणि मग कागदाचा कपटा धरून झेडचं शून्य घ्या. एका वेळचे तीन मिनिटं धरले तरी तास गेला. तासाचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते अठराव्या बदलाचं. रात्रीचे अकरा वाजलेले, डोळ्यांवर झोप, आणि झेडचं शून्य घ्यायचं राहून गेलं. कटर सरळ व्हाइसच्या जबड्यात. ती खूण अजून आहे, ऑडिओवाल्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो: बोटाच्या पेराएवढी आहे.

मोठ्या कारखान्यांत हा प्रश्न १९५०च्या दशकाच्या शेवटीच सुटला होता. अमेरिकेतल्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीचं 'मिलवॉकी-मॅटिक' हे मशीन तेव्हाच स्वतःचं टूल स्वतः बदलायचं. आपल्याकडे प्रश्न एवढाच, की ते घरच्या बजेटमध्ये आणि टेबलावर मावणाऱ्या मशीनवर कसं बसवायचं.

सुरुवात स्पिंडलच्या तोंडापासून करा. चेंजर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते गोल फिरणारं चक्र येतं. ते नंतर. तुमच्या स्पिंडलमध्ये टूल धरलं कसं जातं, यावर पुढचं सगळं ठरतं. लहान मशीनमध्ये मोर्स टेपर असेल तर जरा थांबा. मोर्स टेपरचा उतार इतका कमी असतो की तो घट्ट रुतून बसतो. ड्रिलला ते छान, पण आपोआप सुटायला हवं तिथे डोकेदुखी. बीटी ३० सारखा ७:२४ उताराचा टेपर सैल केला की सहज सुटतो, म्हणून मोठ्या मशीनवाल्यांना तो आवडतो. माझ्याकडे होतं आर ८. ब्रिजपोर्ट मशीनमुळे जगभर पसरलेला हा टेपर. तो दोन्हीच्या मधला: सुटतो, पण कधीकधी टिचकी मागतो.

मी केलं ते असं. आर ८ चा पाऊण इंची कोलेट स्पिंडलमध्ये कायमचा बसवला आणि टूल मात्र पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटरच्या सरळ शँकच्या होल्डरमध्ये लावली. टॉरमॅकने ही पद्धत लोकप्रिय केली. तिची खरी गंमत होल्डरच्या कॉलरमध्ये आहे. कॉलर स्पिंडलच्या तोंडाला खालून टेकते, त्यामुळे होल्डर काढून परत लावला तरी टूलची लांबी तीच राहते. एकदा मोजून टूल टेबलमध्ये लिहिली, प्रोग्राममध्ये जी ४३ दिलं, की दर वेळी कागदाचा कपटा नको. होल्डर घेताना कॉलरला गोल खाच असलेलेच घ्या, कारण चेंजरचा काटा त्या खाचेत अडकतो. या पद्धतीची एक खोड पण सांगून ठेवतो: पकड फक्त घर्षणाची आहे. जाड एंड मिलने जोरात खोल काप घेतला तर होल्डर हळूहळू खाली सरकू शकतो. आपल्या छोट्या मशीनवर तेवढा जोर लावायचा नाही, एवढंच.

आता पकडायचं कशाने? इथे एक नियम पक्का धरा: पकडायचं स्प्रिंगने, सोडायचं हवेने. उलटं नाही. हवा गेली, लाइट गेली, पाइप निसटला, काहीही झालं तरी टूल धरलेलंच राहिलं पाहिजे. फिरतं टूल सुटलं तर ते कुठे जाईल ते सांगता येत नाही.

स्प्रिंग म्हणजे डिस्क स्प्रिंग, ज्याला बेलव्हिल वॉशर म्हणतात. उथळ वाटीसारखी चकती, मध्ये भोक. वाट्या एकाच दिशेने एकात एक ठेवल्या तर ताकद वाढते. पालथी-सुलटी अशा रचल्या तर ताकद तेवढीच, पण दबण्याचं अंतर वाढतं. ड्रॉबारवर या वाट्यांची चवड लावायची. माझी चवड पूर्ण उघडायला साधारण ८००० न्यूटन लागत होते, म्हणजे आठशे किलोच्या आसपास.

हिशेब सोपा आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८५४ चौरस मिलिमीटर. ६ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.६ न्यूटन. गुणाकार केला की ४७०० न्यूटन. कमी पडतात. म्हणून एकाच दांड्यावर दोन पिस्टन एकामागोमाग असलेला सिलिंडर घेतला. मधल्या दांड्याची जागा वजा केली तरी काम भागलं.

(ऑडिओमध्ये इथे 'फुस्स' असा आवाज येतो. तो ड्रॉबार सुटतानाचा आहे, माझा नाही.)

मी हे सगळं खुशीत जोडलं, सिलिंडर मशीनच्या हेडला चार बोल्टने घट्ट आवळला, आणि शेजारच्या शेडमधल्या फिटर काकांना दाखवायला बोलावलं. त्यांनी दोनदा फुस्स ऐकलं आणि म्हणाले, "आरं, ही सगळी ताकद बेअरिंगवर जातीय की रं!"

खरंच जात होती. सिलिंडर हेडला धरून खाली दाबतोय, ड्रॉबार स्पिंडलला खाली ढकलतोय, आणि स्पिंडल कशावर उभा? बेअरिंगवर. दर टूल बदलाला आठशे किलोचा दणका. काही महिन्यांत बेअरिंगच्या गल्ल्यांवर गोळ्यांचे ठसे उमटले असते, आणि कामाची फिनिश का बिघडली म्हणून मी भलतीकडेच शोधत बसलो असतो.

उपाय काकांनीच दाखवला, तोही टेबलावर पडलेल्या बेअरिंग पुलरकडे बोट करून. पुलर कसा काम करतो? त्याचे पाय बेअरिंगला खालून धरतात आणि मधला स्क्रू शाफ्टला दाबतो. ताकद पुलरच्या पायांमधून फिरून परत त्याच जागी येते. टेबलाला काही कळतही नाही. सिलिंडरचं तसंच करायचं. तो हेडला आवळायचा नाही, दोन गाइड पिनांवर वरखाली तरंगता ठेवायचा. स्पिंडलच्या वरच्या टोकाला एक कडं बसवायचं आणि सिलिंडरच्या प्लेटला त्या कड्याखाली जाणारी नखं. पिस्टन ड्रॉबारला खाली दाबायला लागला की सिलिंडर स्वतः वर उचलला जातो, नखं कड्याला खालून धरतात, आणि सगळी ओढाताण स्पिंडलच्या आतल्या आत राहते. सोडलं की सिलिंडर स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि नखं कड्यापासून सुटी होतात. हे शेवटचं नीट तपासा. नखं घासत राहिली तर फिरत्या कड्याने ती तापतात.

टूल ठेवायच्या जागेबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, मी थोडक्यात सांगतो. टेबलाच्या कडेला काट्यांची रांग लावणं सगळ्यात सोपं, पण छोट्या मशीनची एक्सची चाल आधीच कमी, त्यातली बरीच ती रांग खाते. मी आठ खणांचं फिरतं चक्र घेतलं, जे हवेच्या सिलिंडरने स्पिंडलखाली सरकतं आणि परत मागे जातं. फिरवायला जिनिव्हा यंत्रणा. जुन्या तंबू थिएटरच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म एक-एक चौकट पुढे नेणारी फुलीसारखी चकती असायची ना, तीच. पिन खाचेत शिरली की चक्र एक घर पुढे जातं आणि पिन बाहेर असताना चक्र कुलूप लावल्यासारखं जाम. मोटर थोडी कमी-जास्त फिरली तरी खण जागेवरच.

आणि आता तो दिवस.

बदलाचा क्रम असा असतो: स्पिंडल थांबतो, झेड ठरलेल्या उंचीवर येतो, चक्र आत येऊन काटा होल्डरच्या खाचेत बसतो, हवा ड्रॉबार सोडते, झेड वर जातो, टूल काट्यात राहतं. मग चक्र फिरतं, झेड खाली येतो, हवा बंद, स्प्रिंग पकडतात, चक्र मागे. मी लिनक्ससीएनसी वापरतो. त्यात एम ६ आला की कंट्रोलर 'टूल-चेंज' ही पिन चालू करतो आणि 'टूल-चेंज्ड' असं उत्तर येईपर्यंत थांबतो. उत्तर कोण देणार, ते तुम्ही ठरवायचं.

मी टायमरला द्यायला लावलं. हवा सोड, दीड सेकंद थांब, सुटलं असं समज. पन्नास-साठ वेळा मस्त चाललं. एका संध्याकाळी माझ्याच कॉम्प्रेसरवर मित्र गाडीचा फिल्टर फुंकत होता. दाब ४ बारवर आला. दीड सेकंद झाले, ड्रॉबार अर्धवटच दबलेला, कोलेटने होल्डर धरलेलाच. झेड वर निघाला. काटा खालून धरून, स्पिंडल वरून धरून. चक्राचा हात पापडासारखा वाकला आणि स्टेपरच्या पायऱ्या चुकल्यामुळे झेड कुठे आहे हे मशीनलाही कळेना. मशीनने काही चूक केली नव्हती. त्याला मी खोटं सांगितलं होतं.

तो हात परत बनवायला एक रविवार गेला. त्यानंतर टायमर एकाही ठिकाणी ठेवला नाही. ड्रॉबारवर दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर लावले, एक 'पूर्ण सुटला', दुसरा 'पूर्ण पकडला'. दोन्ही बंद असतील तर ड्रॉबार मध्ये कुठेतरी अडकलाय, जागेवर थांबा. हवेच्या लाइनवर प्रेशर स्विच: ५.५ बारच्या खाली बदल सुरूच करायचा नाही. चक्र आत आहे का बाहेर, त्याचे दोन सेन्सर. कुठला खण समोर आहे, त्याचा एक. टायमर आता फक्त उलट कामाला आहे: तीन सेकंदांत सेन्सरने होकार दिला नाही तर बदल रद्द आणि लाल दिवा.

'पकडला' सेन्सरची तार मी आणखी एका ठिकाणी नेली, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्पिंडलच्या व्हीएफडीला चालू होण्याची परवानगी देणाऱ्या रिलेमध्ये. सॉफ्टवेअर हँग झालं, मी कोडमध्ये घोळ घातला, तरी ड्रॉबार सुटलेला असताना स्पिंडल फिरूच शकत नाही. ही अट कोडवर सोडू नका, तारेने बांधा.

एका श्रोत्याने विचारलं होतं, लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पहिला यायला हवा. ड्रॉबारच्या हवेला एका कॉइलचा, स्प्रिंगने परत येणारा व्हॉल्व्ह लावा. लाइट गेली की हवा आपोआप बाहेर आणि पकड घट्ट. चक्राच्या सिलिंडरला मात्र दोन कॉइलचा, म्हणजे लाइट गेल्यावर आहे तिथेच राहणारा. नाहीतर अंधारात चक्र आपणहून मागे निघेल, काट्यात धरलेलं टूल स्पिंडललाही धरलेलं असताना. आणि लाइट आल्यावर मशीनने आठवणीवर विसंबायचं नाही. माझं मशीन चालू झालं की स्क्रीनवर विचारतं, स्पिंडलमध्ये आत्ता कुठलं टूल आहे? मी बघून नंबर टाकतो.

सेन्सरला न दिसणारी एक गोष्ट उरते: चुरा. काटा आणि कॉलर स्वच्छ दिसते, पण कॉलर आणि स्पिंडलच्या मध्ये ०.०५ मिलिमीटरची एक चिप अडकली तर? ३५ मिलिमीटरची कॉलर तेवढी वाकडी बसली, तर ७० मिलिमीटर खाली टूलचं टोक ०.१ मिलिमीटर बाजूला जातं. ड्रिल वाकडं, टॅप तुटला. म्हणून झेड खाली येताना स्पिंडलच्या तोंडावर हवेचा फवारा, आणि प्रत्येक बदलानंतर टूल सेटरवर टोक टेकवून लांबी टेबलशी ताडून बघणं. फरक ०.०५ च्या वर गेला तर थांब. यात तुटलेलं ड्रिलही आपोआप सापडतं. बदलाला पंधरा सेकंद जास्त लागतात, लागू दे.

सगळं एकदम बनवू नका, हे मात्र मनापासून. आधी फक्त स्प्रिंग, तरंगता सिलिंडर आणि एक बटण. टूल हाताने धरायचं, बटण दाबायचं, बदलायचं. एवढ्यानेच वीस बदलांचा तो तास पंधरा मिनिटांवर येतो, कारण झेडचं शून्य परत परत घ्यायचं नसतं. अनेकांना पुढे जायची गरजच पडत नाही. पण बटण स्पिंडल चालू असताना चुकून दाबलं गेलं तर काहीही होता कामा नये, ती तारेची अट इथेही हवीच.

चक्र लावलंत तर खरी टूल घालायच्या आधी होल्डरमध्ये पीव्हीसीच्या कांड्या लावून दोनशे वेळा नुसतं फिरवा. मध्येच मुद्दाम हवेचा कॉक बंद करा. एखाद्या सेन्सरची तार काढा. मेन स्विच बंद करून बघा. प्रत्येक वेळी मशीन जागेवर थांबलं पाहिजे, आणि का थांबलं ते स्क्रीनवर सांगितलं पाहिजे. माझं १४३व्या फेरीला थांबलं, "खण जागेवर नाही" म्हणून. पाचव्या खणाच्या काट्याचा स्क्रू कंपनाने सैल झाला होता. आठही स्क्रूंना थ्रेडलॉक लावला आणि मोजणी परत एकपासून सुरू केली.