अंजनगावची पिंपळी, दिल्लीचा काटा

माझं माहेर अंजनगाव सुर्जी. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्नानंतर दिल्लीत पहाडगंजला आले ती इथलीच झाले. बृहन्महाराष्ट्र भवनातल्या कार्यक्रमात कुणी गाव विचारलं आणि नाव ऐकून कोरा चेहरा केला, की मी तह ऐकवते. ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी आमच्याच गावी इंग्रजांशी तह केला आणि ज्या मुलखावर पाणी सोडलं त्यात दिल्लीही होती. पण आमच्या घरात तहाचं कुणाला काय! आमची ओळख पानपिंपरीची.

पानपिंपरी म्हणजे वैद्यांची लेंडी पिंपळी. मिऱ्याच्याच कुळातली वेल. कच्च्या तुतीसारखं दिसणारं बोटाच्या पेराएवढं फळ, खरं तर चिमुकल्या फळांचा घट्ट जमलेला घोस. सुंठ, मिरे आणि ही मिळून त्रिकटू होतं; सितोपलादी चूर्णातही ही असतेच. चौसष्ट प्रहरी पिंपळी म्हणजे चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ दिवस आणि आठ रात्री खललेली. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानं भाव नोंदवून ठेवलेत: काळी मिरी शेराला चार दिनार, तर पिंपळी पंधरा. (शेर म्हणजे तिथला रोमन पौंड, आपला नव्हे.)

अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजानं पानमळ्याच्या जोडीनं हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. मळे लहान. कुणाचे दहा गुंठे, कुणाचे वीस. एकरभर असला तर तो माणूसबळ असलेल्या घराचा. कारण या वेलीला शेत नको असतं, सावली हवी असते. वऱ्हाडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि हिला तर ओल, शेणखत आणि गारवा लागतो. म्हणून शेवरी-पांगारा लावायचा, त्याच्या सावलीत वेलीचं बेणं. तीन ते पाच पेरांचं, वर्षभर जुन्या वेलीचं. वैशाखात पाणी चुकलं की वेल गेली. माझा भाऊ त्या दिवसांत लग्नाची आमंत्रणंसुद्धा वीज कधी येणार ते पाहून स्वीकारतो.

पावसाळ्यात नेमकं उलटं. तेव्हा पाणी बाहेर काढायची घाई. वाफ्यात पाणी साचलं की मूळ सडतं, पानांवर डाग पडतात आणि दोन-तीन दिवसांत आळंच्या आळं काळं पडतं. निंदणही हातानंच, मुळं वरच असतात, खुरपं जरा खोल गेलं की तुटली. मळ्यात चपला घालून जायचं नाही हा आमच्या घरचा दंडक. देवाचं म्हणून पाळतात, पण दुसऱ्या मळ्यातली कीड-माती आत येत नाही, हाही त्यात फायदा आहेच.

लावणीनंतर सहाएक महिन्यांनी घोस धरतात आणि धरलेला घोस तयार व्हायला दोन महिने लागतात. हिरवा रंग काळपट झाला की तोडायचा. लाल होऊ दिला तर तिखटपणा जातो. तोडणी हिवाळ्यात, बायकांच्या हातची. सगळे घोस एकदम तयार होत नसल्यानं पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. मग चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवण. दहा किलो ओल्या मालाचा हाती येतो साधारण दीड किलो. वेल तीन वर्षांनी थकली, की जाड खोड आणि मुळं तुकडे करून विकतात. तेच पिंपळमूळ, आपल्या भाषेत गंठोडा.

हा माल दिल्लीतल्या खारी बावलीतही विकला जातो. पहाडगंजहून रिक्षानं निघालं की सदर बाजारची गर्दी कापून फतेहपुरी मशिदीजवळ उतरायचं. तिथं दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "बहनजी, छोटी पीपल चाहिए या बड़ी?" छोटी आपली. बडी म्हणजे जावाकडची, वेगळ्या जातीची, जाड आणि दिसायला भारदस्त. ज्याला फरक कळत नाही तो बडीच उचलतो. दुकानदार मूठभर पिंपळी हातात घेऊन आधी हलवतो, आवाज ऐकतो. मग एक वाकवून पाहतो. कट्‌कन मोडली तर वाळली, वाकली तर ओल आहे आणि भाव तिथंच पडला. शेवटी तुकडा चावतो. जिभेला मुंग्या आल्या पाहिजेत. वर्षभराची मेहनत या तीन परीक्षांवर ठरते. कापूस-सोयाबीनला निदान कागदावर हमीभाव असतो. पिंपळीला तोही नाही.

म्हणून इथली मंडळी "गावाकडे दोन एकर पडून आहे, औषधी वनस्पती लावू का?" असं विचारतात तेव्हा मी उत्साह दाखवत नाही. केंद्र सरकारचं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून आहे, माहिती तिथून घ्यावी. पण आधी घेणारा व्यापारी गाठा, मग मे महिन्यातलं विहिरीचं पाणी मोजा, तोडणीला माणसं आहेत का बघा. तीनही उत्तरं होकारार्थी असतील तर एका गुंठ्यावर लावा. दोन एकरांवर नाही. आणि बेणं घेताना फळणाऱ्या मादी वेलीचंच मागा. नर वेलीला नुसते लांब तुरे येतात, पिंपळी धरत नाही.