सोशल मीडियावरची विटंबना आणि कायदा : तक्रार कशाची करायची, कशाची नाही?

एप्रिल आणि डिसेंबर आले की मरोळ, साकीनाका, चकाला या पट्ट्यातील आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही ना काही फिरू लागते. कधी बाबासाहेबांच्या फोटोची विटंबना, कधी चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांविषयी घाणेरडी कमेंट, कधी एखाद्या मुलीला आडनावावरून केलेली जातीवाचक शिवीगाळ. मग कोणीतरी लिहितो, 'पोलीस स्टेशनला चला, केस टाका.' राग रास्त आहे. पण ठाण्यात जाऊन आपण कोणते कलम मागतो, हे महत्त्वाचे आहे. काही कलमे माणसाला झालेली इजा मोजतात. काही कलमे फक्त 'भावना दुखावल्या' एवढेच मोजतात. पहिल्या प्रकारची कलमे आपल्याला लागतात. दुसऱ्या प्रकारची कलमे आज आपल्या हातात आली तरी उद्या आपल्यावरच उलटतात. हा फरक आजवरच्या प्रकरणांतून स्पष्ट दिसतो.

६६अ चा धडा

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६अ हे कलम आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. इंटरनेटवरून होणारा त्रास रोखणे हा त्याचा सांगितलेला हेतू. पण कलमातले शब्द होते 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास होईल', 'गैरसोय होईल' असा मजकूर. कोणाला कशाचा त्रास होईल याला मोजमाप नव्हते. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. खरा छळ त्या कुटुंबाचा झाला होता, पण छळाविरोधी म्हणवणारे कलम मुलींवर लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली होती. तक्रार संविधान आणि राष्ट्रीय चिन्हांच्या अपमानाची होती. त्यात ६६अ होते आणि राजद्रोहाचे कलमही होते. राजद्रोहाचा आरोप पुढे मागे घ्यावा लागला. संविधानाच्या अपमानाची तक्रार आपल्याला जवळची वाटते, हे आम्हाला मान्य आहे. पण सरकारवर टीका करणाऱ्याला राजद्रोही ठरवण्याचा रस्ता त्याच तक्रारीतून निघाला.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी असा भेद केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी संविधानाच्या कलम १९(१)(अ) ने त्यांना संरक्षण आहे. तरीही ठाण्यांतून ६६अ गेले नाही. पीयूसीएल या संघटनेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या आकडेवारीनुसार कलम रद्द झाल्यानंतरही देशभरात १,३०७ गुन्हे नोंदवले गेले होते आणि त्यांत सर्वाधिक, ३८१, महाराष्ट्रात होते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये.

बाबासाहेबांच्या पुस्तकानेही 'भावना दुखावल्या' होत्या

ज्यांना हा प्रश्न इंटरनेटपुरता वाटतो त्यांनी १९८७ आठवावे. महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेत 'रिडल्स इन हिंदुइझम'चा खंड प्रसिद्ध केला. वसंत मून संपादक होते. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टामुळे भावना दुखावल्या म्हणून शिवसेना आणि मराठा महासंघाने आंदोलन केले, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या, परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे ते परिशिष्ट टिकले. त्यातील मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप जोडून ते छापले गेले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत तेच घडले. मंत्री राजेंद्रपाल गौतम धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाला हजर होते आणि तिथे २२ प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. भावना दुखावल्याचा गदारोळ झाला, गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले, पोलिसांनी त्यांची चौकशी केली. १९५६ मध्ये नागपूरला लाखोंनी उच्चारलेल्या प्रतिज्ञा आज कोणाला तरी 'आक्षेपार्ह' वाटतात. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (धार्मिक भावना दुखावणे) किंवा १९६ (गटांत वैर वाढवणे) आपण सैल हाताने वापरू लागलो, तर २२ प्रतिज्ञांचा व्हिडिओ टाकणाऱ्या आपल्याच मुलाच्या अटकेला आपण कोणत्या तोंडाने विरोध करणार?

मग ॲट्रॉसिटी कायदा वेगळा कसा?

हा प्रश्न आपले विरोधक मुद्दाम विचारतात, म्हणून उत्तर पक्के हवे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील ३(१)(र) आणि ३(१)(स) ही कलमे नुसता अपमान मोजत नाहीत. अपमान करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा हवा, हेतू हिणवण्याचा किंवा शिवी जातीच्या नावाने हवी आणि ते लोकांच्या नजरेसमोर घडायला हवे. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटवरचा मजकूर कोणी उघडतो त्या प्रत्येक वेळी पीडित व्यक्ती तिथे हजर आहे असेच मानले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. व्यक्ती अनुसूचित जातीची आहे म्हणून तिच्यावरील प्रत्येक टीका गुन्हा होत नाही, अपमान जातीमुळे झालेला असला पाहिजे.

म्हणजे हा कायदा जातीच्या उतरंडीत वरून खाली मारलेला फटका मोजतो. पुढाऱ्याला आलेला राग तो मोजत नाही. त्याच कायद्यातील ३(१)(व) हे कलम मात्र दिवंगत आदरणीय व्यक्तींच्या अनादराबद्दल आहे. ते वापरतानाही विटंबना आणि मतभेद यांतला फरक आपणच पाळायचा आहे. बाबासाहेबांच्या आर्थिक विचारांवर कोणी टीका केली तर त्याला लेखाने उत्तर द्यायचे, एफआयआरने नाही.

ठाण्यांत मात्र नेमके उलटे होताना दिसते. केतकी चितळे यांच्यावर बौद्धांविषयीच्या पोस्टवरून नवी मुंबईतील रबाळे ठाण्यात २०२० मध्येच ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला होता. त्या गुन्ह्यात अटक झाली ती मे २०२२ मध्ये, शरद पवार यांच्यावरील पोस्टसाठी ठाणे पोलिसांनी त्यांना आधीच पकडल्यानंतर. त्या दोषी की निर्दोष हे न्यायालयाचे काम. आमचा मुद्दा पोलिसांच्या घाईचा आहे. नेत्याविषयीच्या पोस्टवर राज्यात ठिकठिकाणी गुन्हे आणि महिन्याहून अधिक कोठडी, समाजाविषयीच्या पोस्टवर दोन वर्षे शांतता. कायदा सैल असला की तो ताकदवानासाठी जागा होतो आणि आपल्यासाठी झोपतो.

तक्रार करताना

आधी स्वतःला विचारा : मजकुरात धमकी आहे का? जातीवाचक शिवी आहे का? एखाद्या बाईचा पाठलाग, तिचे फोटो, तिचा नंबर पसरवणे आहे का? हिंसेला चिथावणी आहे का? उत्तर 'हो' असेल तर नेमके कलम मागा. धमकीसाठी न्याय संहितेचे ३५१, बाईचा पाठलाग झाल्यास ७८, खासगी फोटोसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई, अश्लील मजकुरासाठी ६७. चारही उत्तरे 'नाही' असतील तर रिपोर्ट करा, ब्लॉक करा, उत्तर लिहा.

ॲट्रॉसिटी कायदा बौद्धांना लागू होतो, कारण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. जात प्रमाणपत्र हाताशी ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. मुंबईत तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पोस्टची लिंक, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव जपा, मूळ मोबाइल सांभाळा. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

नोटीस आपल्यालाच आली तर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. पोलिसांनी साधारणपणे नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस द्यायची असते. नोटीस टाळू नका, वकिलाला घेऊन हजर राहा. ग्रुप ॲडमिनने घाबरण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले आहे की, सामायिक हेतू नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार ठरत नाही.

न्यायालये अलीकडे काय म्हणतात तेही लक्षात ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसमुळे झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला पोस्टवरून झालेल्या अटकेतून मुंबई उच्च न्यायालयाने सोडवले. आणि मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शब्दांचा परिणाम कणखर, समंजस माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नाही. पण तोवर त्या मुलीला कोठडी भोगावी लागली, ती कोणी परत देत नाही.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की, कोणी बुद्धाची, धम्माची, संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो खरे बोलतो की खोटे हे तुम्हाला कळणार नाही. जे खोटे आहे ते खोटे म्हणून दाखवून द्या. हा उपदेश निंदेसाठी आहे. वस्तीवर चालून येणाऱ्या जमावासमोर किंवा मुलीला धमकावणाऱ्यासमोर गप्प बसायला तो सांगत नाही.

म्हणून ऑनलाइन छळाविरुद्ध नवा कायदा किंवा दुरुस्ती येईल तेव्हा आपल्या संघटनांनी एकच कसोटी लावावी : यात इजा कोणाला, कोणती, हे लिहिले आहे का? लिहिले असेल तर पाठिंबा द्यावा. 'आक्षेपार्ह', 'त्रासदायक' असे मोकळे शब्द असतील तर विरोध करावा, मग आज तो कायदा आपल्या शत्रूवर चालणार असला तरीही. ज्या समाजाने 'मूकनायक'पासून बोलण्याचा हक्क मिळवला, त्याला दुसऱ्याचे तोंड बंद करणारा कायदा परवडणारा नाही.