कान बोलतो तेव्हा

कान ऐकतो हे सांगायला नको. पण तो स्वतःही आवाज काढतो, याचा पुरावा मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी कानात एक ‘टिक’ सोडली आणि तिथेच ठेवलेल्या मायक्रोफोननं काही मिलिसेकंदांत आतून आलेलं क्षीण उत्तर टिपलं.

हे उत्तर येतं अंतर्कर्णातून. बाहेरून आलेला आवाज कानाचा पडदा हलवतो. त्याला जोडलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ती हालचाल आत पोचवतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. ही साखळी नसती, तर हवेतला जवळजवळ सगळा आवाज आतल्या द्रवावर आपटून परत फिरला असता. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ चिमुकला असल्यानं दाब सुमारे वीसपट वाढतो.

आत गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, कॉक्लिया. तिच्यातल्या पटलावर तीव्र स्वर तोंडाशी उमटतात, खर्ज पार टोकाला. हंगेरीत जन्मलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत आवाजाची लाट या पटलावरून सरकताना पाहिली. १९६१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

पण मृत कानातली लाट पसरट होती. एवढ्यावर जवळजवळचे दोन स्वर वेगळे कसे कळतील? शास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं, की जिवंत कान स्वतःची ऊर्जा ओतून लाट टोकदार करत असला पाहिजे. तीस वर्षं त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लाट टोकदार करण्याचं ते काम पटलावरच्या ‘बाहेरच्या केशपेशी’ करतात: आवाजाच्या तालावर त्या सेकंदाला हजारो वेळा आखडतात, लांबतात. त्यांच्या या धडपडीतला थोडा आवाज उलट्या वाटेनं बाहेर येतो. प्रचंड गोंगाटानं त्या मेल्या, तर माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आज याच आवाजावर नवजात बाळाची ‘ओएई’ चाचणी होते. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत ती उरकते. उत्तर आलं नाही म्हणजे बाळ बहिरंच, असं नव्हे. कानात साचलेला द्रवही आड येतो, म्हणून चाचणी पुन्हा करतात. उलट, दोष केशपेशींच्या पुढे, नसेत असेल तर ओएई उत्तम येऊनही बाळाला नीट ऐकू येत नसतं. हा धोका अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना जास्त असतो, म्हणून त्यांची नसेचं काम पाहणारी ‘बेरा’ ही तपासणीही करून घ्यावी लागते.