चुसॉकची उलटी वाट

नव्या वर्षाचं कॅलेंडर हाती आलं की सोलमधला नोकरदार माणूस आधी दोन सणांचे वार बघतो. पहिला सॉल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष. दुसरा चुसॉक, म्हणजे आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. सणाचा आदला दिवस, सण आणि दुसरा दिवस अशी तीन दिवसांची सुट्टी ठरलेली असते. त्यातला एखादा दिवस रविवारी किंवा दुसऱ्या सरकारी सुट्टीच्या दिवशी आला, तर पुढचा कामाचा दिवस बदली सुट्टी म्हणून मिळतो. शनिवारी आलेला दिवस मात्र वाया जातो. २०२६चा चुसॉक २५ सप्टेंबरला, शुक्रवारी येतो. त्यामुळे तिसरा दिवस शनिवारी पडतो आणि रविवार धरून जेमतेम चार दिवस हाती लागतात.

२०२५ साल मात्र पर्वणीचं होतं. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, राष्ट्रस्थापना दिन. ५ ते ७ चुसॉक. पाचला रविवार म्हणून आठला बदली सुट्टी. नऊला कोरियन लिपीचा गौरव करणारा हांगुल दिन. सलग सात दिवस झाले, आणि दहा तारखेची एक रजा टाकली की पुढचा शनिवार-रविवार धरून दहा. २०१७ साली तर सरकारनंच २ ऑक्टोबरची तात्पुरती सुट्टी जाहीर करून सगळ्यांना सलग दहा दिवस मोकळे करून दिले होते. अशा सुट्टीत सहलीचा बेत आखणं हे कोरियात एक स्वतंत्र कौशल्य आहे. पण ते समजून घ्यायचं तर आधी हा सण आणि त्यातली गर्दी समजून घ्यायला हवी.

चंद्र आपला आणि त्यांचा एकच. अधिक मासाच्या हिशेबाप्रमाणे चुसॉक कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास येतो, कधी आश्विनी. २०२४ला तो १७ सप्टेंबरला होता, त्याच दिवशी इकडे अनंत चतुर्दशी होती. २०२५ला ६ ऑक्टोबरला होता, त्या रात्री इकडे कोजागरी. भाद्रपदी पौर्णिमेला आला तर आपला पितृपंधरवडा त्याला लागूनच सुरू होतो, आणि चुसॉक हाही पूर्वजांचाच सण. सकाळी घरात चारये हा विधी होतो. नव्या तांदळाचे पदार्थ, फळं आणि मद्य मांडून पूर्वजांना नमस्कार करतात. पाइनच्या काट्यांवर वाफवलेले, तीळ, डाळी किंवा चेस्टनटचं सारण भरलेले सॉन्गप्यॉन असतात. मग सगळे मिळून कबरीवर जातात. कबरीवरचं गवत त्याआधीच काढून ठेवलेलं असतं. दिवस पूर्वजांचा असला तरी सुतकी कळा कुठेच नाही, कारण सण सुगीचा आहे.

त्याचं वयही मोठं आहे. ११४५ साली किम बू-सिक यांनी सिद्ध केलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात सिल्ला राज्यातल्या विणकामाच्या स्पर्धेची हकिगत येते. राजधानीतल्या बायकांचे दोन गट महिनाभर विणत, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला निकाल लागे, आणि हरलेला गट जिंकलेल्यांना जेवण देई. नवव्या शतकात चीनमध्ये फिरणाऱ्या एन्निन या जपानी भिक्षूनंही शानतुंगमधल्या सिल्लावासीयांच्या मठात या पौर्णिमेचा उत्सव पाहिल्याचं आपल्या रोजनिशीत नोंदवलं आहे. सणाच्या सर्वांत जुन्या कहाणीत केंद्रस्थानी बायकांचे कष्ट आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे तिच्याकडे यायचंच आहे.

आज दिसते ती गर्दी मात्र विसाव्या शतकानं घडवली. कोरियन युद्धानंतर गावं ओस पडत गेली आणि माणसं सोलच्या कारखान्यांकडे वळली. आता सोल, इंचॉन आणि ग्यॉन्गी मिळून होणाऱ्या राजधानी परिसरात देशाची निम्मी लोकसंख्या राहते, आणि हा परिसर देशाच्या जमिनीच्या जेमतेम बारा टक्के आहे. सणाला या निम्म्या देशाला उरलेल्या देशात जायचं असतं. गणपतीच्या आधी मुंबईहून कोकणात निघालेला चाकरमानी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे सगळा देशच चाकरमानी आहे. या ओढीची किंमतही मोजावी लागली आहे. २६ जानेवारी १९६० रोजी, सॉल्लालच्या तोंडावर, सोल स्टेशनच्या जिन्यावर मोकपोच्या गाडीसाठी चेंगराचेंगरी होऊन ३१ माणसं गेली. तेव्हा चांद्र नववर्षाला सरकारी सुट्टीसुद्धा नव्हती. चुसॉकची सुट्टी १९४९ पासून एका दिवसाची होती, १९८६ला दोन दिवसांची झाली. सॉल्लाल आणि चुसॉक या दोन्ही सणांना तीन-तीन दिवस मिळाले ते १९८९ला.

आता चेंगराचेंगरी मोबाइलच्या पडद्यावर होते. सणाच्या साधारण महिनाभर आधी कोरेल ही सरकारी रेल्वे कंपनी सणाच्या गाड्यांचं आरक्षण ठरावीक दिवशी खुलं करते. पहिली संधी ज्येष्ठांना आणि अपंगांना, मग इतरांना. वेळ पहाटेची म्हणावी इतकी लवकरची, सकाळी सात. सात वाजता बटण दाबलं की पडद्यावर आपल्या पुढे रांगेत किती जण आहेत तो आकडा उमटतो, आणि तो हजारांत, कधी लाखांत असतो. आकडा उतरत जातो, तोवर घरातली दुसरी व्यक्ती दुसऱ्या फोनवर तेच करत असते. नंबर लागल्यावर विचार करायला वेळ नसतो. कुठली गाडी, कुठल्या दिवशी, ती नाही मिळाली तर दुसरी कुठली, हे सगळं आदल्या रात्रीच कागदावर लिहिलेलं हवं. एका वेळी सहाच तिकिटं काढता येतात. २०२० पूर्वी हेच लोक सोल स्टेशनच्या फरशीवर रात्र काढत. कोरोनाच्या साथीत तिकीट खिडकीवरची ही विक्री बंद झाली आणि सगळं ऑनलाइन आणि फोनवर गेलं.

बेत आखणाऱ्यानं यातून पहिली गोष्ट घ्यायची ती ही, की गर्दीला दिशा असते. सणाआधी ती सोलहून बाहेर जाते आणि सणानंतर सोलकडे परतते. उलट दिशेच्या गाड्या त्याच दिवसांत रिकाम्या धावतात, आणि कोरेल त्यांतल्या काही गाड्यांवर सवलतही देते. ही सोय मुख्यतः म्हाताऱ्या आईवडिलांसाठी आहे. मुलांनी गावी येण्याऐवजी तेच सोलला मुलांकडे जातात, आणि अशी घरं आता पुष्कळ आहेत. पण ज्याला गावच नाही, त्या परदेशी माणसालाही तीच गाडी चालते. बुसानमध्ये राहणाऱ्यानं चुसॉकला सोल पाहावं. सोलमध्ये राहणाऱ्यानं सणापर्यंत शहरातच थांबावं आणि सगळे परतू लागले की बाहेर पडावं. म्हणून जोडून घ्यायची रजा सणाच्या आधी न घेता नंतर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आधी घेतलेली रजा गर्दीबरोबर जाण्यात आणि गर्दीबरोबर येण्यात संपते.

रस्त्यानं जायचं असेल तर हिशेब आणखी कडक. १९७० साली पुरा झालेला सोल-बुसान महामार्ग एरवी साडेचार-पाच तासांचा. चुसॉकच्या दिवशी त्यालाच आठ-नऊ तास लागू शकतात, कारण त्या दिवशी कबरीवर जाणारे आणि परतीला लागलेले एकाच रस्त्यावर येतात. त्यात २०१७ पासून सणाच्या दिवसांत टोल माफ होऊ लागला. सामान्य माणसाच्या खिशाला हा दिलासा आहे, पण त्यामुळे गाडी घरी ठेवण्याचं आणखी एक कारण कमी झालं. अशा दिवशी खरा राजा बसवाला. या महामार्गावर सोलपासून तेजॉनजवळच्या सिन्तान्जिनपर्यंत बसची स्वतंत्र लेन असते आणि सणाच्या दिवसांत ती सकाळी सातपासून रात्री एकपर्यंत राखलेली असते. शेजारच्या तिन्ही लेन ठप्प असताना एक्स्प्रेस बस पुढे निघून जाते. वाटेतले थांबे हाही प्रवासाचा भाग असतो: भाजलेले लहान बटाटे, छॉनानकडची अक्रोड घातलेली गरम बिस्किटं, आणि स्वच्छतागृहापुढची रांग.

जायचं कुठे? जेजू बेट सगळ्यांच्या मनात पहिलं येतं आणि म्हणूनच ते सणाला अवघड. सोलच्या गिम्पो विमानतळावरून जेजूला जाणारा मार्ग हा एरवीच जगातला सर्वांत गजबजलेला हवाई मार्ग आहे. सोराकसानचे डोंगर ऑक्टोबरात रंगू लागतात, तिथेही चढावर रांग लागते. माझी पसंती ग्यॉन्गजूला. ज्या सिल्ला राज्यात या सणाची पहिली नोंद सापडते, त्याची ही राजधानी. शहराच्या मधोमध राजांच्या कबरींचे गवताचे गोल डोंगर उभे आहेत, त्यांच्या पायथ्याशी घरं, सायकली, कॉफीची दुकानं. सणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केटीएक्स ही वेगवान रेल्वे पकडली तर सोलहून सुमारे दोन तास. रात्री वोल्जी तलावाकाठच्या जुन्या महालाचे दिवे पाण्यात पडतात. त्या वेळी मोठा, जरासा उतरत चाललेला चंद्रही वर असतो.

सोलमध्ये थांबणंही कमी नाही. ग्यॉन्गबोकगुंग, छांगदॉकगुंग असे राजवाडे या दिवसांत मोफत खुले असतात. मात्र राष्ट्रीय संग्रहालय सणाच्या दिवशी बंद असतं आणि घरगुती खाणावळी एक-दोन दिवस कुलूप लावतात. सुवॉनच्या कंपन्यांत किंवा तेजॉनच्या विद्यापीठांत असलेल्या मराठी मंडळींना, त्यातही शाकाहारी असलेल्यांना, हे आधीच माहीत हवं: भाजीपाला दोन दिवस आधी भरून ठेवायचा. बाहेर पडायचं तर त्यांच्यासाठी बौद्ध मठातला मुक्काम उत्तम. २००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या निमित्तानं हे मठ पाहुण्यांना खुले झाले. तिथे दोन वेळचं शाकाहारी जेवण, पहाटेची प्रार्थना आणि डोंगरातली शांतता मिळते. जागा मात्र मोजक्या, त्या महिनाभर आधी सांगून ठेवाव्यात.

ही झाली व्यवस्था. पण चुसॉकला सहलीला जाणं योग्य की अयोग्य, यावर कोरियन घरांत आजही वाद होतो, आणि त्यात माझी बाजू ठरलेली आहे. सुट्टी सगळ्यांना मिळते, पण विश्रांती सगळ्यांना मिळत नाही. रीतीप्रमाणे चारये नवऱ्याच्या घरी. सुना आदल्या दिवसापासून जमिनीवर बसून तेलात मासे, भाज्या, मांस तळतात. बहुतेक घरांत पूर्वजांपुढे नमस्काराला मात्र पुरुष उभे राहतात. या ताणामुळे येणाऱ्या अंगदुखीला आणि चिडचिडीला तिथे सणाचा आजार असं सर्रास म्हणतात, आणि वर्तमानपत्रं त्यावर दरवर्षी लिहितात. छो नाम-जू यांच्या २०१६च्या ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ या कादंबरीत नायिकेचा बांध फुटतो तो चुसॉकलाच, बुसानला सासरी. नणंद माहेरी आली आहे, आणि सून मात्र अजून सासरीच अडकलेली आहे. एकाएकी ती आपल्या आईच्या तोंडचं बोलू लागते: तुमची लेक घरी आली, आता माझ्या लेकीलाही घरी पाठवा. या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्या उगाच नाहीत.

सरकारनं १९६९ साली नियमावली काढून घरगुती विधी साधे करायचा प्रयत्न केला होता. खरा धक्का बसला २०२२च्या सप्टेंबरात. सुंगक्युनक्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या सर्वोच्च संस्थेनंच जाहीर केलं की चारयेसाठी तळण करायची गरज नाही, नऊच्या आसपास पदार्थ पुरेत, आणि साध्या मांडणीलाच जुन्या ग्रंथांचा आधार आहे. ज्या ओझ्याखाली पिढ्या दबल्या, ते परंपरेनं घातलेलंच नव्हतं, असं परंपरेच्या रखवालदारांनी सांगितलं. त्यानंतर सणाला बाहेर निघालेल्या कुटुंबाला पूर्वजांचा अपमान केला असं म्हणणं मला पटत नाही. कित्येक कुटुंबं तर आधीच कबरीवर जाऊन येतात आणि मग विमान पकडतात.

विमान पकडणारे आता थोडेथोडके नाहीत. २०२५च्या चुसॉकला अकरा दिवसांत सुमारे २४ लाख ५० हजार प्रवासी इंचॉन विमानतळ वापरतील, असा विमानतळाचा अंदाज होता. त्यातून सरकारपुढे नवा पेच उभा राहिला. देशातला खर्च वाढावा म्हणून तात्पुरती सुट्टी द्यावी, तर लोक जपानला आणि व्हिएतनामला जातात. २०२५च्या सॉल्लालला २७ जानेवारीची सुट्टी दिली तेव्हा हीच टीका झाली, आणि त्या वर्षी १० ऑक्टोबरची सुट्टी सरकारनं दिली नाही. छोट्या कारखान्यातल्या आणि दुकानातल्या माणसाला ती तशीही मिळाली असती की नाही, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही.

पुढचा बेत आखणाऱ्यांसाठी तारखा अशा. २०२७चा चुसॉक १५ सप्टेंबरला, बुधवारी. मंगळवार ते गुरुवार सुट्टी, म्हणजे सोमवार आणि शुक्रवारची रजा टाकली तर नऊ दिवस. २०२८ला तो ३ ऑक्टोबरला, नेमका राष्ट्रस्थापना दिनावर येतो, म्हणून पाच तारखेला बदली सुट्टी. सहाला, शुक्रवारी, एक रजा घेतली की नऊच्या हांगुल दिनापर्यंत पुन्हा दहा दिवस. त्या सहा तारखेची रजा ऑफिसात आधी कोण मागतं, यावरच बरंचसं ठरेल. जेजूचं विमान आणि ग्यॉन्गजूची खोली त्यानंतर.