वेणीची परीक्षा कोपऱ्यात

अंधेरीत काय नि मुलुंडला काय, फ्रेमिंगच्या दुकानात मोल्डिंगचे नमुने लावलेले असतात. त्यात वेणीसारखी गुंतलेली केल्टिक नक्षी हाती लागली, तर आधी तिचा कोपरा पाहावा. लांब पट्टी ४५ अंशांत कापली की नक्षीचा दोरा मध्येच तुटतो आणि शेजारच्या पट्टीवर त्याचं दुसरं टोक सापडत नाही. वेलीचं एखादं पान कापलं गेलं तरी खपून जातं. इथे मात्र दोऱ्याचं अखंड असणं हीच नक्षी आहे.

इ. स. ८००च्या सुमाराचं ‘बुक ऑफ केल्स’ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या या ग्रंथात असे दोरे नखाएवढ्या जागेत फिरतात. प्रत्येक दोरा एकदा वरून जातो, एकदा खालून. हे रेखाटायचं कसं, ते स्कॉटिश चित्रकार जॉर्ज बेन यांनी १९५१च्या पुस्तकात सांगितलं: आधी ठिपके, मग त्यांच्यामधून तिरक्या रेषा. कडेला रेष वळते. मध्ये हवा तिथे छेद मोडून टोकं वेगळी जोडली की गाठ तयार होते.

मुलुंड-घाटकोपरच्या तमिळ घरांपुढे सकाळी पडणारं कोलम याच हिशेबाने चालतं. ओळीत ३ ठिपके आणि अशा ४ ओळी मांडल्या, तर एकच रेष सगळ्यांना वळसा घालून सुरुवातीला येते. ४ आणि ६ घेतले तर दोन वेगळी वेटोळी होतात. दोन्ही संख्यांचा मसावि जेवढा, तेवढे दोरे. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर हात बसलेल्या कुणालाही केल्टिक वेणीचा आराखडा परका वाटणार नाही.

चौकटीसाठी हेच ठिपके चारही बाजूंनी मांडायचे आणि चित्राची जागा मोकळी ठेवायची. मग कोपऱ्यात दोरा आपसूक वळतो. म्हणून कारागिराने आधी चौकट जोडावी, तिच्यावर आराखडा उतरवावा आणि मगच कोरायला घ्यावं. चित्र ठिपक्यांच्या मापात बसत नसेल, तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, थोडा रुंद किंवा अरुंद करावा. ठिपके मात्र ओढूनताणून बसवू नयेत. वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त लागतात, पण अखंड नक्षीची किंमत तीच आहे आणि ती मोजण्यासारखी आहे.