भंडारदऱ्याच्या पाण्याला सायकलवरून प्रदक्षिणा



पाटाला पाणी आले की आपण दारे धरतो आणि आवर्तन लांबले की पाटकऱ्याशी भांडतो. पण हे पाणी येते कोठून, हे आपल्यापैकी कितीजणांनी नीट पाहिले आहे? आम्ही तरी पाहिले नव्हते. धरणावर गेलो होतो, नाही असे नाही. पण ते सहलीच्या गाडीतून. भिंतीपाशी उभे राहायचे, भजी खायची आणि परत फिरायचे. म्हणून यंदा तोडणी आटोपल्यावर, मार्च महिन्यात, आम्ही पाच सभासदांनी ठरवले की भंडारदऱ्याच्या जलाशयाला पुरता वेढा घालायचा, आणि तोही सायकलवर. घरच्यांनी कपाळाला हात लावला, ते सोडून द्या.

सायकली टेम्पोत टाकून आदल्या रात्री शेंडी गावात मुक्काम केला. पहाटे उठून आधी भिंत पाहिली. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. २७० फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळी माणसांच्या हातांनी उभी राहिली. १९६९ साली तिला तडे दिसले, तेव्हा मागून आधार बांधून ती मजबूत करण्यात आली. पोटात ११ टीएमसी पाणी. आपल्या भागातली साखर कारखानदारी नंतरची. आधी हे पाणी आले, मग पाट आले, मग ऊस आला.

रस्ता साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. आम्ही मुतखेल, कोलटेंभे करीत रतनवाडीकडे निघालो, म्हणजे पाणी कायम उजव्या हाताला. नकाशावर रस्ता काठाने जाताना दिसतो, पण काठ काही सरळ नाही. प्रत्येक ओढ्यापाशी उतार, लगेच चढ. उताराला हायसे वाटावे तोच पुढचा चढ छातीवर येतो. आमच्यात दोघांकडे गिअरच्या सायकली होत्या, बाकी तिघे साध्यांवर. साध्यावाले चढाला उतरून ढकलीत होते, आणि गिअरवाले फार पुढे होते असेही नाही!

रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. कोरीव काम पाहत राहावे असे. मागे रतनगड उभा. आपली प्रवरा इथेच उगम पावते. पुढे हीच नदी नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि टोक्याला गोदावरीला मिळते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. पुष्करणीपाशी बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि पुढे निघालो.

खरी परीक्षा रतनवाडी ते साम्रद. जंगलातला चढ, वळणामागून वळण. बोलणे बंद झाले, नुसता श्वास आणि चेनीचा आवाज. साम्रदच्या अलीकडे आमच्यातल्या एकाचे चाक पंक्चर झाले. ट्यूब होती, पण हवा भरायचा पंप शेंडीलाच राहिला! पाणीही संपलेले. जवळच्या घरातला एक पोरगा आपला पंप घेऊन धावत आला. त्याची आई नुकतीच दोन हंडे घेऊन चढ चढून आली होती. हंडा उतरवला आणि आम्हाला आधी तांब्या भरून दिला.

"कुठून आले म्हनायचे दादा?"

"खालून, मावशी. पाटाच्या मुलखातून. ऊस आहे आमचा."

"मंग आमचंच पाणी पिता की तुम्ही!" मावशी हसल्या. "माझ्या सासऱ्याच्या बापाची भातखाचरं हायेत त्या पाण्याखाली."

त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणूनच आम्हाला जास्त लागले. खाली जलाशय चकाकत होता आणि वर ही माऊली दिवसाला पाच खेपा करीत होती. या डोंगरात पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरपर्यंत आणि त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो, आपल्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. पण कातळावरचा पाऊस थांबत नाही. सगळा वाहून खाली येतो, आणि उन्हाळ्यात वरचे झरे आटतात.

पुढे घाटघर. कोकणकड्यावर उभे राहिले की खालचे कोकण दिसते आणि पाय थरथरतात. २००८ पासून इथे २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प चालतो. रात्री शिल्लक विजेवर खालचे पाणी वर चढवायचे आणि विजेची ओढ असेल तेव्हा तेच खाली सोडायचे. तिथून उडदावणे, पांजरे, मुरशेत करीत परत येताना डाव्या हाताला अलंग, मदन, कुलंग आणि १६४६ मीटरचे कळसूबाई सोबत करतात. उन्हे उतरता शेंडी गाठली.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ब्रेकचे रबर नवे घालावे, ट्यूब आणि पंप दोन्ही घ्यावे, पहाटे निघावे. चढाला जोर न करता हलके पॅडल मारीत राहावे. भर पावसाळ्यात धुके आणि दरडी असतात; पाऊस ओसरल्यावरचा काळ उत्तम.

रात्री जेवताना आमच्यातल्या मास्तरांनी हिशेब मांडला. एक एकर उसाला तीन इंचांचे एक पाणी दिले तर सुमारे तीन लाख लिटर लागते. हंडा पंधरा लिटरचा धरला तर वीस हजार हंडे. मावशींचे दिवसाला दहा हंडे. म्हणजे आपल्या एका एकराच्या एका पाण्यासाठी त्यांना दोन हजार दिवस, साडेपाच वर्षे चालावे लागेल. ताटावर कोणी काही बोलले नाही. आपण पाणी पैसे भरून घेतो हे खरे, हक्काचे आहे हेही खरे. पण हिशेब खोटा नव्हता.

आल्यावर दोघांनी ठिबकसाठी अर्ज केले. तिसऱ्याची गोष्ट सांगून थांबतो. पुढच्या आवर्तनात रात्री दोनला त्याची चारी फुटली आणि पाणी ओढ्याला लागले. एरवी "सकाळी बघू" म्हणून तो कूस बदलून झोपला असता. त्या रात्री खोरे घेऊन उठला आणि चारी बांधूनच घरी आला. बायकोने विचारले, "आज काय झालंय तुम्हाला?" तो म्हणाला, "हंडे सांडत होते गं."