नवी आवृत्ती, जुनी भर

संगणकावरचा खेळ हा विषय शेतकरी मंडळींपुढे आणि शिक्षकांपुढे मांडायचा म्हणजे जरा धाडसच आहे. पण आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, तो खेळच मुळी शेतीचा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणानं चार-साडेचार वर्षं एकट्यानं खपून तो तयार केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, आज्ञावलीही त्याचीच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो विक्रीला आला. आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन नातवानं किंवा नातीनं साफ करायची, पेरायची, गुरं-कोंबड्या पाळायच्या आणि गावातल्या माणसांशी सलोखा राखायचा, असा हा खेळ.

माझा भाचा दोन वर्षं ही शेती करीत होता. एके दिवशी त्याचा फोन आला, “मामा, खेळ उघडतो आणि लगेच बंद पडतो. काय करू?” मी महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा मला सगळंच कळतं अशी त्याची समजूत. मीही ती मोडली नाही. म्हणालो, “अरे, सगळं पुसून टाक आणि नव्यानं घाल.” हा सल्ला किती महागात पडला ते शेवटी सांगतो. आधी खेळ बंद का पडतो, ते पाहू.

मूळ खेळात नाही ते आणण्यासाठी हौशी मंडळी वरून काही भर घालतात. कोणी नवी पिकं आणतं, कोणी नवी गावं, कोणी माणसांना नवे कपडे चढवतं. या भरीला ‘मॉड’ म्हणतात. मॉड लिहिणारे बहुतेक लोक फुकट, फावल्या वेळात हे काम करतात. या खेळात मॉड चालवायला ‘स्मापी’ नावाची एक मधली आज्ञावली लागते. खेळ आणि मॉड यांच्यामधला तो दुभाष्याच समजा.

आता १९ मार्च २०२४ रोजी या खेळाची १.६ ही आवृत्ती संगणकासाठी निघाली, आणि जुनी कितीतरी मॉड्स एका रात्रीत निकामी झाली. असं का व्हावं?

शिक्षक मंडळींना हे चटकन कळेल. समजा, तुम्ही एका पाठ्यपुस्तकाच्या आधारानं टिपणं काढली आहेत. ‘पान २४, ओळ तिसरी : येथे नकाशा दाखवावा.’ पुढल्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती येते. दोन धडे वाढतात, एक गळतो. तुमचं टिपण तेच आहे, पुस्तकही चांगलंच आहे. पण पान २४ वर आता नकाशाऐवजी कविता आहे. टिपणाचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. मॉडचं नेमकं हेच होतं. ‘खेळातल्या अमुक जागी जा, तमुक काम करून घे,’ असं त्यात लिहिलेलं असतं. नव्या आवृत्तीत ती जागा हललेली असते, किंवा त्या कामाचं नावच बदललेलं असतं. यंत्राला अंदाज बांधता येत नाही. ते थबकतं आणि खेळ कोसळतो.

१.६ मधला एक बदल पाहा. पूर्वी खेळातल्या प्रत्येक वस्तूची ओळख एका आकड्यानं होई. पार्सनिप नावाचं गाजरासारखं एक कंद आहे, त्याचा आकडा २४. मॉडनं आणलेल्या नव्या वस्तूलाही आकडाच लागे, आणि दोन मॉड्सनी एकच आकडा धरला की घोटाळा होई. म्हणून नव्या आवृत्तीत ही ओळख आकड्याऐवजी मजकूर म्हणून ठेवण्याची सोय झाली. आता प्रत्येक मॉडला आपल्या वस्तूला वेगळं नाव देता येतं. सुधारणा मॉडवाल्यांच्याच हिताची होती. पण जे जुनं मॉड आकडाच मागत राहिलं, ते अडलं. तेव्हा यात लबाडी कोणाचीच नसते, हे आधी लक्षात घ्यावं.

आता उपाय. ते क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला की नुकसान होतं.

पहिलं काम, प्रत काढून ठेवणं. विंडोजवर तुमची शेती खेळाच्या फोल्डरमध्ये नसते. ‘अॅपडेटा’ या फोल्डरातल्या ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये ‘सेव्ह्ज’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ती असते. ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बियाणं घरात ठेवल्यावाचून आपण सगळं धान्य बाजारात नेतो का? तसंच हे.

दुसरं काम, यंत्र काय म्हणतं ते वाचणं. स्मापी सुरू झालं की अक्षरांनी भरलेली एक काळी खिडकी उघडते. मुलं ती पाहतच नाहीत. खरं म्हणजे दुखणं कुठं आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. कोणतं मॉड वगळलं, कोणाची नवी आवृत्ती आली आहे, कोणाला लागणारं दुसरं मॉड जागेवर नाही, हे सगळं त्यात असतं. चुका तांबड्या अक्षरांत येतात. त्यांतली शेवटची ओळ नव्हे, तर पहिली तांबडी ओळ आधी वाचा. बैलगाडीच्या चाकाची एक खीळ निघाली की मागून चाक निखळतं, गाडी कलते, पोती पडतात. पोती मोजत बसून खीळ सापडत नाही.

तिसरं काम, आधी स्मापी आणि मग मॉड्स नवी करून घेणं. निम्म्याहून अधिक तक्रारी इथंच मिटाव्यात. तरीही खेळ कोसळत असेल, तर एकदा एकही मॉड न घालता तो उघडून पाहा. तेव्हाही कोसळला तर दोष मॉडचा नाही, खेळाचा किंवा संगणकाचा आहे.

मॉडशिवाय खेळ नीट उघडला, तर चौथं काम गुन्हेगार शोधण्याचं. समजा, ३२ मॉड्स आहेत. एकेक काढून पाहायचं तर ३२ खेपा होतील. त्यापेक्षा विहिरीपासून शेतापर्यंतची पाइपलाइन तुंबली की आपण काय करतो ते आठवा. मधला सांधा सोडतो. तिथं पाणी आलं तर अडथळा पुढं, नाही आलं तर मागं. मग उरलेल्या निम्म्याचा मधला सांधा. इथंही १६ मॉड्स बाजूला ठेवा. खेळ चालला तर दोषी त्या १६ मध्ये, नाही तर उरलेल्या १६ मध्ये. मग ८, मग ४, मग २, मग १. अवघ्या ५ खेपांत काम होतं, आणि मॉड्स ६४ असली तरी ६ खेपांत. शिक्षकांनी वर्गात हे जरूर करून दाखवावं. २ चे घात मुलांना जन्मात विसरायचे नाहीत.

यात तीन पथ्यं आहेत. मॉड पुसायचं नाही. त्याच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिलं की स्मापी ते वगळतं, आणि टिंब काढलं की पुन्हा घेतं. दुसरं, ‘कंटेंट पॅचर’सारखी काही मॉड्स इतरांचा पाया असतात, ती शोधाच्या वेळी जागेवरच ठेवावीत, नाहीतर निरपराध मॉडही बंद पडेल. दोन्ही निमे भाग वेगवेगळे चालले आणि एकत्र आले की कोसळले, तर दोष एकाचा नसून दोघांच्या भांडणाचा आहे असं समजावं.

तिसरं पथ्य सर्वांत मोठं. शोध चालू असताना खेळातल्या माणसाला झोपू द्यायचं नाही! या खेळात रात्री अंथरुणावर पडलं की त्या दिवसाची नोंद कायम होते. त्याआधी खेळ बंद केला तर शेती काल होती तशीच राहते. पण एखादं गाव आणणारं मॉड वगळलेलं असताना झोपलात, तर त्या गावासकट तिथं ठेवलेलं सामान नोंदीतून गळून जातं.

गुन्हेगार सापडला की त्याची सुधारलेली आवृत्ती आली आहे का ते पाहावं. नसली तर थांबावं. लेखकाला कळवायचं तर खेळाची आवृत्ती, मॉडची आवृत्ती, आपण काय करीत असताना खेळ कोसळला ते, आणि त्या काळ्या खिडकीतला मजकूर, एवढं पाठवावं. ‘चालत नाही’ एवढंच कळवणं म्हणजे वैद्याला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून गप्प बसणं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट पुरी करतो. त्यानं आधी मॉड्स काढली. खेळ उघडला, म्हणून आनंदानं खेळला आणि खेळातल्या तीन रात्री झोपला. मग लक्षात आलं की ज्या गावात त्यानं पेट्या भरून ठेवल्या होत्या, ते गावच नाही. रागावून त्यानं माझा सल्ला पाळला आणि खेळाचं सगळं फोल्डर पुसलं. स्मापी आपण होऊन शेतीच्या प्रती काढून ठेवतं आणि त्या त्याच फोल्डरात असतात, हे आम्हां दोघांना नंतर कळलं. खेळ स्वतः ठेवतो ती आदल्या दिवसाची प्रत तीन रात्रींत केव्हाच बदलून गेली होती.

पोरगं रडलं. त्याची आई म्हणाली, “खेळातलीच तर शेती, त्यात काय रडायचं!” मला मात्र तसं म्हणवलं नाही. दोन वर्षं त्यानं रोज तिथं पाणी घातलं होतं, आणि ते माझ्या अर्धवट शहाणपणानं गेलं. मी त्याला तसं सांगितलं. म्हटलं, “चूक माझी. मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलं नाही.”

त्यानं पुन्हा पेरणी केली आहे. आता दर रविवारी तो शेतीची एक प्रत काढतो, आणि मला फोन करून विचारतो, “मामा, तुमच्या संगणकावरच्या कामाची प्रत काढलीत का?”